‘श्वास चालू आहे का?’ : एका शब्दाने चुकलेला प्रश्न

कुठे ऐकताय आज? लोकलमध्ये, बसमध्ये, की रात्री अंथरुणात इअरफोन घालून? जिथे असाल तिथेच एक छोटी परीक्षा घेते. समजा, आत्ता तुमच्या शेजारचा माणूस छातीला हात लावून खाली कोसळला. तुम्ही फोन लावलात आणि पलीकडून मी विचारलं, “कुठे आहात तुम्ही?” काय सांगाल? इथे कधीच न आलेल्या माणसाला समजेल असा पत्ता, दहा सेकंदांत?

बहुतेक जण इथेच अडखळतात. घरी असू तर ठीक, पण रस्त्यावर, प्रवासात, पाहुण्यांकडे असताना आपण कुठे आहोत हे आपल्याला नीट सांगता येत नाही.

मी गेली सहा वर्षं आपत्कालीन कॉल सेंटरमध्ये आहे. चार वर्षं हेडसेट लावून कॉल घेतले, आता दोन वर्षं नव्याने येणाऱ्या मुलामुलींना ट्रेनिंग देते. कुठलं केंद्र, कुठलं शहर हे सांगणार नाही. फोन करणाऱ्याची ओळख बाहेर जाऊ द्यायची नाही हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. म्हणून आज सांगणार आहे त्या कॉलमधल्या ओळखीच्या खुणाही मी बदलल्या आहेत. बोलायचंय ते ट्रेनिंगबद्दल, आणि एका चुकीबद्दल. चूक माझी आहे.

आधी ट्रेनिंगचा पहिला दिवस.

मला वाटलं होतं, संगणक कसा वापरायचा, कुठलं बटण दाबायचं हे शिकवतील. आमच्या सरांनी काय केलं, दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या. एकावर ते बसले, दुसऱ्यावर मला बसवलं. कारण चेहरा दिसला की आपण निम्मं चेहऱ्यावरून समजून घेतो, आणि या कामात चेहरा कधीच दिसत नाही. मग ते एकदम ओरडले, “अहो लवकर या, माझे बाबा पडलेत, रक्त येतंय, लवकर या!”

मी दचकले. विचारलं, “काय झालं? कसे पडले?” झालं! सरांनी सगळी कथा सुरू केली. जिना, ओली फरशी, कालपासून चक्कर येत होती, डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या होत्या. मी मनापासून ऐकत होते, भराभर लिहून घेत होते. मिनिटभराने ते म्हणाले, “टुक. बॅटरी संपली. आता गाडी कुठे पाठवणार?”

माझ्याकडे सगळं होतं. पत्ता नव्हता.

तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं, आधी ‘कुठे’, मग ‘काय’. कुठे आहे ते कळलं आणि पुढे काहीच कळलं नाही, तरी कोणीतरी तिथे पोहोचू शकतं. काय झालंय ते सगळं कळलं आणि कुठे ते कळलं नाही, तर कोणीच पोहोचू शकत नाही.

तुम्ही म्हणाल, मोबाईलवरून लोकेशन कळत नाही का? कळतं, पण प्रत्येक वेळी नेमकं नाही. टॉवरवरून मिळालेली जागा खेड्यात काही किलोमीटरने चुकू शकते, आणि शहरात इमारत कळली तरी मजला कळत नाही. त्यात आपली गावांची नावं! “वडगावातून बोलतोय” असं कोणी म्हणालं की आमच्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला, “कुठलं वडगाव?” एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ आहे, वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे, वडगाव निंबाळकर आहे. “मारुतीच्या देवळामागे” म्हणाल, तर मारुतीचं देऊळ नसलेलं गाव तुम्हीच मला दाखवा. म्हणून तालुका विचारतो, जवळचं मोठं गाव विचारतो, आणि ऐकलेलं परत म्हणून दाखवतो. “खेडजवळ म्हणालात. रत्नागिरीतलं खेड की पुण्याजवळचं?” समोरच्याला वाटतं ही बाई बहिरी आहे. पण चुकीच्या खेडला गेलेली गाडी परत फिरेपर्यंत जो वेळ जातो, तो कुठूनही भरून काढता येत नाही.

आता आम्हाला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य. “प्रश्न काय विचारत बसलाय, गाडी पाठवा ना!”

राग येणं अगदी साहजिक आहे. पण हे समजून घ्या, कारण कधीतरी तुम्हीही त्या जागी असाल. मी प्रश्न विचारत असते तेव्हा गाडी थांबलेली नसते. मी जे टाइप करते ते गाडी पाठवणाऱ्या माणसाच्या पडद्यावर दिसत असतं. पत्ता आणि त्रास कळला की तो गाडी काढतो, आणि पुढचे प्रश्न गाडी रस्त्यावर असताना चालू राहतात. ते प्रश्न दोन कामांसाठी असतात. एक म्हणजे गाडीतल्या डॉक्टरांना काय तयारीने उतरायचं ते कळावं. दुसरं म्हणजे गाडी येईपर्यंत तुम्ही काय करायचं ते मला सांगता यावं.

समोरचा माणूस काहीच ऐकत नसेल, नुसता ओरडत असेल, तर? त्यासाठी आम्ही एक गोष्ट घोटून घेतो. आपला आवाज चढवायचा नाही. एकच छोटं वाक्य, कारणासकट, त्याच शब्दांत, त्याच सुरात पुन्हा पुन्हा म्हणायचं. “दादा, पत्ता सांगा, म्हणजे गाडी पाठवता येईल.” दादा ओरडतोय. “दादा, पत्ता सांगा, म्हणजे गाडी पाठवता येईल.” बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या वेळी माणूस थांबतो आणि पत्ता सांगतो. शब्द बदलले, तर त्याला दर वेळी नवीन काहीतरी समजून घ्यावं लागतं, आणि त्या घटकेला डोक्यात नवीन काही शिरत नसतं. क्लासमध्ये नवीन मुलं याला हसतात. “मॅडम, पोपटासारखं काय तेच तेच!” पहिल्या आठवड्याच्या लाइव्ह कॉलनंतर कोणी हसत नाही.

नंतर येतो शब्दांचा तास. हा माझा आवडता.

मी शहरात वाढलेली. ट्रेनिंगमध्ये एकदा एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. एक आजी सांगत होत्या, “माझ्या नातवाला पान लागलंय.” मला वाटलं, पान खाल्ल्यावर घशात ठसका लागतो, चक्कर येते, तसलं काहीतरी. माझ्या शेजारी सिंधुदुर्गातली एक मुलगी बसली होती, ती ताठ झाली. म्हणाली, “अगं, साप चावलाय त्याला!” गावाकडे बरेच लोक सापाचं नाव घेत नाहीत, रात्री तर नाहीच. ‘पान लागलं’ म्हणतात, ‘जनावर चावलं’ म्हणतात, ‘लांबडं’ म्हणतात. ‘जनावर’ ऐकून मी कुत्रा लिहिला असता. ‘बायको अडलीय’ म्हणजे कुठे दारात अडकलेली नसते, बाळंतपण अडलेलं असतं. ‘दातखीळ बसली’ म्हणजे झटका आलेला असू शकतो.

तेव्हा कळलं की मराठी येणं आणि फोनवरची मराठी कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजही माझ्या बॅचमध्ये मी प्रत्येकाला त्याच्या गावचे असे शब्द फळ्यावर लिहायला लावते. विदर्भातला मुलगा, कोल्हापूरची मुलगी, नंदुरबारकडचा एखादा. तासाभरात फळा भरतो.

हे ठरलेले प्रश्न, हे सगळं शास्त्र आलं कुठून, तेही थोडक्यात सांगते. १९३५ मध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर एका घराला आग लागली आणि पाच बायका गेल्या. एक शेजारी अग्निशमन दलाला फोन लावत होता, पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्याचा कॉल इतर कॉलच्या रांगेत अडकला. त्यावरून बराच गदारोळ झाला आणि १९३७ मध्ये लंडनमध्ये ९९९ हा आपत्कालीन नंबर सुरू झाला. हा कॉल आला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा. म्हणजे तातडीचा कॉल आधी उचलायची सोय झाली. पण उचलल्यावर काय विचारायचं, काय सांगायचं? त्यासाठी पुढची चाळीसेक वर्षं जावी लागली. १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीमधल्या जेफ क्लॉसन नावाच्या डॉक्टरांनी कार्डं तयार केली. एकेका त्रासासाठी एकेक कार्ड, त्यावर कोणते प्रश्न विचारायचे आणि फोनवरून कोणत्या सूचना द्यायच्या ते लिहिलेलं. तिथून कॉल घेणारा माणूस नुसता निरोप्या राहिला नाही, पहिली मदत त्याच्याकडूनच पोहोचायला लागली.

आपल्याकडे १०८ ची सुरुवात २००५ मध्ये हैदराबादहून झाली, महाराष्ट्रात ती सेवा २०१४ मध्ये आली. नंतर पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका सगळ्यांसाठी मिळून ११२ हा एकच नंबर आला. नंबर सगळ्यांना माहीत आहेत. त्या कार्डांबद्दल कोणी बोलत नाही. आणि माझी चूक त्या कार्डावरच्या एका शब्दाची आहे.

माझं पहिलं वर्ष. रात्रपाळी. दोन वाजून गेले होते. एका मुलाचा फोन, आवाजावरून अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. “मॅडम, बाबा उठत नाहीयेत.”

पत्ता विचारला. त्याने नीट सांगितला, मी परत म्हणून दाखवला, गाडी निघाली. सगळं पुस्तकाप्रमाणे. विचारलं, “हाक मारली तर ओ देतायत का?” “नाही.” मग विचारलं, “श्वास चालू आहे का?” तो लगेच म्हणाला, “हो हो, चालू आहे. जोरात घोरतायत.”

मला हायसं वाटलं. खरंच सांगते, मनात आलं, चला, श्वास आहे. मी नोंद केली. त्याला म्हणाले, “बाळा, त्यांना कुशीवर वळव, त्यांच्याजवळ बस, गाडी येतेय.” तो बसला. मी पुढचा कॉल घेतला. गाडी चौदा मिनिटांत पोहोचली. त्याच्या बाबांचं हृदय तोवर कधीच थांबलेलं होतं. ते वाचले नाहीत.

आमच्याकडे असे कॉल नंतर ऐकले जातात. तीन दिवसांनी सरांनी मला बोलावलं, हेडफोन दिला. म्हणाले, “त्या मुलाचं ऐकू नकोस. मागचा आवाज ऐक.”

मागे एक घरघर येत होती. मग शांतता. मी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन... नऊ. परत एक घरघर. परत शांतता. झोपेत घोरणारा माणूस असा श्वास घेत नाही.

हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं बऱ्याच लोकांमध्ये हे होतं. शरीर मधूनच आचके देतं, घशातून घोरल्यासारखा, गुरगुरल्यासारखा आवाज येतो. तो श्वास नसतो. पण घरातल्या माणसाला तो श्वासच वाटतो, कारण त्याला तो श्वास असायलाच हवा असतो. म्हणून कार्डावर प्रश्न असा लिहिलेला होता, “श्वास नेहमीसारखा चालू आहे का?” मी ‘नेहमीसारखा’ गाळला होता. मुद्दाम नाही. दिवसाला तोच प्रश्न इतक्या वेळा विचारून तोंडात छोटा होत गेला होता. त्या मुलाने खोटं सांगितलं नाही. मी विचारलं ‘चालू आहे का’, त्याने सांगितलं ‘चालू आहे’.

मी सरांना विचारलं, “मी नीट विचारलं असतं तर वाचले असते का?” ते म्हणाले, “ते कोणीच सांगू शकत नाही. पण चौदा मिनिटं त्यांची छाती कोणीही दाबली नाही, एवढं नक्की आहे.”

त्या घरात दोन तरुण हात होते. रिकामे. मी सांगितलं असतं तर त्या मुलाने जीव तोडून छाती दाबली असती. मी त्याला जवळ बसायला सांगितलं.

हृदय थांबल्यावर पाच-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. छाती दाबली नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी कमी होते. कितीही वेगाने आली तरी गाडीला वेळ लागतोच. तेवढ्या वेळात फक्त जवळचा माणूस आणि फोनवरचा आवाज, एवढेच दोघं असतात.

मी नोकरी सोडणार होते. सरांनी राजीनामा घेतला नाही. महिनाभर रोज ड्यूटीआधी अर्धा तास त्यांनी माझ्याकडून तो एक प्रश्न म्हणून घेतला.

पुढच्या वर्षी एका ताईंचा फोन आला. नवरा जेवता जेवता कोसळला होता. पत्ता घेतला. “श्वास नेहमीसारखा चालू आहे का?” त्या थांबल्या. म्हणाल्या, “नेहमीसारखा... नाही हो. मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो ना, तसं करतायत.” मी म्हणाले, “ताई, त्यांच्या छातीकडे बघा आणि श्वास घेतला की मला ‘आत्ता’ म्हणा.” “आत्ता.” मी मोजत राहिले. दहा सेकंद गेले तरी दुसरं ‘आत्ता’ आलं नाही.

“ताई, फोन स्पीकरवर टाका. त्यांना जमिनीवर उताणं झोपवा. गुडघ्यावर बसा. एका हाताचा तळवा छातीच्या मधोमध ठेवा, दुसरा हात त्याच्यावर. कोपर ताठ. आता जोरात दाबा, दोन इंच खाली जाऊ दे, आणि वर येऊ दे. माझ्याबरोबर मोजा. एक, दोन, तीन, चार.”

“मला नाही जमणार, त्यांना दुखेल हो!”

“ताई, दाबत राहा, म्हणजे त्यांना रक्त पोहोचेल. एक, दोन, तीन, चार.” तेच वाक्य, तोच सूर. मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा दाबायचं असतं, तो वेग माझ्या मोजण्यातून त्यांच्या हातात जात होता. दोन मिनिटांनी त्या दमल्या, तर शेजारचा मुलगा बसला. नऊ मिनिटं आम्ही तिघं मोजत होतो. मग दार उघडल्याचा आवाज, स्ट्रेचरचा आवाज, कोणीतरी “बाजूला व्हा” म्हणालं आणि फोन कट झाला.

पुढे काय झालं? मला माहीत नाही. आम्हाला सहसा शेवट कळत नाही. गोष्ट ऐन मध्यावर तुटते आणि दुसऱ्या सेकंदाला दुसरी घंटी वाजते. आता ट्रेनिंगमध्ये मी यावर वेगळा तास घेते. कठीण कॉलनंतर हेडसेट काढायचा, उठायचं, पाणी प्यायचं, कोणाशी तरी बोलायचं. ‘मी ठीक आहे’ म्हणून लगेच पुढचा कॉल घेणाऱ्याला मी आधी उठवते. आणि माझं ते रेकॉर्डिंग? नाव, पत्ता काढून ते प्रत्येक बॅचला ऐकवते. आधी सांगते, “हा आवाज माझा आहे.”

आता तुमच्याकडे येते.

तुम्ही फोन कराल तेव्हा आधी ‘कुठे’ सांगा. माहीत नसेल तर समोरच्या दुकानाची पाटी वाचा, त्यावर बहुतेक वेळा पूर्ण पत्ता असतो. हायवेवर असाल तर किलोमीटरचा दगड बघा, रेल्वे रुळांजवळ असाल तर कडेच्या खांबावरचा आकडा. फोन स्पीकरवर टाका आणि आम्ही सांगेपर्यंत कट करू नका. एकाला रस्त्यावर टॉर्च घेऊन उभं करा, सोसायटीत असाल तर गेट उघडून लिफ्ट खाली थांबवून ठेवायला सांगा. साप चावला असेल तर चिरा देऊ नका, चोखू नका, घट्ट बांधू नका, त्या माणसाला चालवू नका. चुकून नंबर लागला तर घाबरून कट करू नका, “चुकून लागला” एवढं सांगा. नाहीतर कोणी संकटात आहे का हे बघायला आम्हाला परत फोन करावा लागतो.

आणि रस्त्यावरच्या अपघाताला मदत केली तर पोलीस मागे लागतील ही भीती काढून टाका. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, आणि स्वतःचं नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

आज हा भाग संपल्यावर दोनच कामं करा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘इमर्जन्सी एसओएस’ शोधा आणि तुमच्या फोनवर ते कसं चालू होतं ते बघून ठेवा. नुसतं बघा हं, दाबून बघू नका, तो कॉल खरंच लागतो! आणि घरातल्या सगळ्यांना, लहान मुलांनासुद्धा, घराचा पत्ता मोठ्याने म्हणायला लावा. खुणेसकट, तालुक्यासकट.

आणि फोनवर कोणी विचारलं, “श्वास नेहमीसारखा चालू आहे का?”, तर ‘हो’ म्हणायच्या आधी दहा सेकंद छातीकडे बघा. नेहमीसारखा नसेल, शंका असेल, तर तसंच सांगा. पुढचं आम्ही बघतो, तुमच्या हातांनी.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.